खेळातून परकी भाषा : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

मागील अंकात या सदरातून परकीय भाषांच्या अभ्यासाविषयी प्रश्न मागवले होते. आलेली बरीचशी पत्रे संगणक, कन्सोल आणि फोन यांवरील खेळांविषयी होती आणि त्यांत जपानी व जर्मन शिकणारे वाचक अधिक होते, म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे. पत्रे जागेअभावी थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे आणि गेल्या वर्षापासून शनिवार-रविवारी जपानीच्या वर्गाला जातो. दिवाळीत त्याच्या मामाने त्याला निन्टेंडो स्विच आणून दिला. त्यावर त्याने पोकेमॉनचा खेळ जपानी भाषेत सुरू केला असून, अभ्यासाचे विचारले की ‘हा अभ्यासच आहे’ असे उत्तर मिळते. वर्गातल्या बाई म्हणतात की शब्द वाढतील, पण त्याच्या वडिलांना हे पटत नाही. त्याला खेळू द्यावे का? – एक आई, चिंचवड

उत्तर : आपला मुलगा आपल्याला फसवत नाही, परंतु त्याचे म्हणणे अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे खरे करून घेणे घरच्या घरी शक्य आहे. त्यासाठी खेळताना भाषेचे नेमके काय होते, हे आधी समजून घेतले पाहिजे.

जोनाथन डेहान आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी जपानमधील 80 महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग 2010 साली प्रसिद्ध झाला. हे विद्यार्थी इंग्रजी शिकणारे होते. त्यांच्या जोड्या लावण्यात आल्या. जोडीतील एकाने इंग्रजी गाण्यांवर आधारलेला ‘पराप्पा द रॅपर 2’ हा तालाचा खेळ वीस मिनिटे खेळायचा आणि दुसऱ्याने तोच खेळ त्याच वेळी वेगळ्या पडद्यावर केवळ पाहायचा, अशी योजना होती. नंतर शब्दांची चाचणी घेतली तेव्हा शब्द दोघांच्याही लक्षात राहिले होते, परंतु नुसते पाहणाऱ्याच्या लक्षात खेळणाऱ्यापेक्षा स्पष्टपणे अधिक राहिले होते. खेळणाऱ्याचे सारे अवधान बटणे वेळेवर दाबण्यात खर्च होत होते आणि शब्दांसाठी त्याच्याजवळ फारसे काही उरत नव्हते. दोन आठवड्यांनी पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा दोघेही बरेच काही विसरलेले आढळले.

या प्रयोगातून पालकांनी घेण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. पहिली अशी, की खेळ जितका हातघाईचा, तितकी भाषा मागे पडते. पोकेमॉन या बाबतीत पुष्कळ बरा आहे, कारण त्यातील लढती पाळीपाळीने होतात, संवादाची चौकट बटण दाबेपर्यंत थांबते आणि त्याच त्या शब्दांची पुनरावृत्ती सतत होत राहते. दुसरी गोष्ट अशी, की शेजारी बसलेला माणूस फुकट जात नाही. घरात धाकटे भावंड असेल, तर एकाने खेळावे आणि दुसऱ्याने संवाद मोठ्याने वाचावेत, आणि दर अर्ध्या तासाने जागा बदलाव्यात. पडद्यावरचे वाक्य वाचून झाल्याशिवाय पुढचे बटण दाबायचे नाही, एवढा एकच नियम पाळला तरी खेळाचा वेग भाषेच्या बेताचा होतो. भावंड नसेल तर आपण बसावे. आपल्याला जपानी येत नाही, हे येथे उपयोगाचेच ठरते, कारण मग ‘आता तो काय म्हणाला?’ हा आपला प्रश्न खरा असतो आणि मुलाला मराठीत नीट सांगावे लागते. अंदाजाने पुढे जाणारा मुलगा आणि समजून पुढे जाणारा मुलगा यांतील फरक अशा वेळी चटकन दिसतो.

वडिलांच्या शंकेलाही उत्तर द्यायला हवे. स्वीडनमधील लीस शेर्स्टिन सिल्वेन आणि पिया सुंडक्विस्ट या संशोधिकांनी 11-12 वर्षांच्या 86 मुलांचा अभ्यास 2012 साली मांडला, त्यात आठवड्याला पाच तास किंवा अधिक वेळ खेळणाऱ्या मुलांचे इंग्रजी शब्दज्ञान इतरांपेक्षा चांगले दिसले. हा निष्कर्ष उत्साहवर्धक आहे, परंतु तो जसाच्या तसा आपल्या घराला लावू नये. मुळात ज्यांचे इंग्रजी चांगले, तीच मुले असे खेळ अधिक खेळत असण्याचीही शक्यता असते. शिवाय स्वीडिश मुलांच्या अवतीभवती इंग्रजी भरपूर असते, तर चिंचवडच्या मुलाला जपानी आठवड्यातून दोनदा वर्गात आणि एरवी त्या एका पडद्यावरच भेटते. म्हणून वर्ग आणि वही यांना खेळ हा पर्याय होत नाही. हाताने लिहिणे खेळातून येत नाही, आणि हा खेळ तोंडाने एकही वाक्य बोलायला लावत नाही.

खेळाची मांडणीही पाहून घ्यावी. पोकेमॉनच्या अलीकडच्या बहुतेक भागांत खेळ सुरू करतानाच भाषा विचारली जाते, आणि जपानी निवडल्यावर मजकूर केवळ कानालिपीत (म्हणजे उच्चार दाखवणाऱ्या हिरागाना व काताकाना या अक्षरांत) हवा की कांजीसह (म्हणजे चिनीवरून घेतलेल्या अर्थचिन्हांसह), हेही निवडता येते. 2010 च्या ‘ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’ या भागांपासून ही सोय आहे. वर्षभर शिकलेल्या मुलाने कानापासून सुरुवात करावी, कारण वाचण्याचा वेग आधी आला पाहिजे. पात्राला नाव देताना जो अक्षरांचा तक्ता समोर येतो, त्याकडे आपण स्वतः एकदा जरूर पाहावे. आ-ई-ऊ-ए-ओ आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा हा क्रम बौद्ध पंडितांनी संस्कृत लिहिण्याच्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासासोबत जपानमध्ये नेलेल्या आपल्या वर्णमालेवरून बसवलेला आहे, आणि मराठी मुलाला तो इतर अनेक देशांतील मुलांपेक्षा लवकर हाताशी येतो.

एका बाबतीत मात्र मी आग्रहाने सावध करेन. खेळातील पात्रांची बोली ही बहुधा ठोकळेबाज बोली असते. पोकेमॉनमधील वृद्ध संशोधक ओकिदो-हाकासे स्वतःला ‘वाशी’ म्हणतो आणि वाक्याच्या शेवटी ‘ज्या’ लावतो. काही तरुण प्रतिस्पर्धी स्वतःला ‘ओरे’ म्हणतात. टोकियोतील खरे आजोबा सहसा ‘वाशी’ म्हणत नाहीत, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने शिक्षकांसमोर ‘ओरे’ म्हटले तर ते उद्धट ठरते. अहो-जाहो आणि अरे-तुरे यांतला भेद आपल्या मुलाला मराठीतून उपजत कळतो, त्यामुळे कोणते रूप कोणाशी वापरायचे हे बाईंनी एकदा समजावले की पुरे. पण ते समजावणे टाळू नये. नवे वाक्य वहीत लिहिताना ‘हे कोण बोलले आणि कोणाशी बोलले’ हेही लिहून ठेवायची सवय लावावी, आणि वर्गात शिकवलेले देस-मासचे सभ्य रूप शेजारी मांडावे.

खेळ विकत घेताना जपानी आवृत्तीच्या वेष्टनावर सेरो या संस्थेचे वयोगटाचे अक्षर असते. ए म्हणजे सर्वांसाठी, बी म्हणजे 12 वर्षांपुढे, सी म्हणजे 15 वर्षांपुढे, डी म्हणजे 17 वर्षांपुढे आणि झेड म्हणजे 18 वर्षांपुढे. नववीतल्या मुलासाठी ए आणि बी यांवर थांबावे.

प्रश्न : मी हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत आहे. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-4 पातळी उत्तीर्ण झालो असून पुढच्या एन-3 ची तयारी करत आहे. जपानी खेळ सुरू करतो, पण प्रत्येक वाक्यात शब्दकोश उघडावा लागतो आणि तासाभरात कंटाळून सोडून देतो. खेळ कसा निवडावा आणि शब्दकोश किती वापरावा? – एक वाचक, पुणे

उत्तर : आपला कंटाळा हा आळस नाही. निवडलेला मजकूर आपल्या आजच्या पातळीच्या फार पुढे आहे, एवढेच त्यातून दिसते. वाचनाच्या अभ्यासात पॉल नेशन यांचे काम पायाभूत मानले जाते. त्यांनी एका सहकाऱ्यासह 2000 साली असे दाखवले, की कोणाच्याही मदतीशिवाय कथेचा मजकूर पुरेसा समजण्यासाठी त्यातील सुमारे 98 टक्के शब्द आधी माहीत असावे लागतात, म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी. खेळात चित्र, हालचाल आणि प्रसंग यांचा आधार असल्यामुळे यापेक्षा कमीवर निभावते, परंतु दर वाक्यात तीन-चार शब्द अडत असतील तर तो खेळ आज आपला नव्हे. तो वर्षभराने पुन्हा काढावा.

निवड करताना खेळाच्या प्रसिद्धीपेक्षा तीन गोष्टींना महत्त्व द्यावे. कांजीच्या डोक्यावर बारीक अक्षरांत उच्चार लिहिलेला असावा, म्हणजे फुरिगाना असावी. लेव्हल-5 या कंपनीची ‘योकाई वॉच’ मालिका मुलांसाठी असल्याने तिच्यात ती आहे, आणि आजच्या जपानी शाळकरी जीवनातली साधी भाषाही तिच्यात आहे. संवाद आपोआप पुढे सरकू नये. आणि विषय रोजच्या जगण्याजवळचा असावा. तलवारी, शाप आणि राक्षसांची राज्ये यांच्या कथा रंगतदार असतात, पण एन-3 ला विचारले जाणारे शब्द दुकान, कार्यालय, प्रवास आणि शेजार यांतले असतात. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा 2016 सालचा खेळ मूळ अमेरिकन असला तरी जपानीत उपलब्ध आहे, आणि शेती, हवामान, बाजार, सण आणि गावकऱ्यांची बोलणी यांनी तो भरलेला आहे. एकट्याने खेळताना संवाद चालू असेपर्यंत त्यातील घड्याळ थांबते, हा त्याचा मोठा गुण. त्यात फुरिगाना नाही, त्यामुळे अनोळखी कांजीसाठी फोनचा कॅमेरा लावून गूगल लेन्सने ती ओळखावी आणि जिशो किंवा ताकोबोतो या शब्दकोशात पाहावी.

जो खेळ आपण पूर्वी इंग्रजीत पूर्ण केला आहे, तोच पुन्हा जपानीत खेळावा, असे मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगत आलो आहे. कथा आणि नकाशा ठाऊक असल्यामुळे सगळे अवधान वाक्यांकडे देता येते, आणि एखादे वाक्य समजले नाही म्हणून खेळ अडून राहत नाही. स्टीम या संगणक-खेळांच्या ऑनलाइन दुकानातून खेळ घेत असाल तर विकत घेण्यापूर्वी त्या खेळाच्या पानावरील भाषांचा तक्ता पाहावा. पडद्यावरील मजकूर, पूर्ण आवाज आणि उपशीर्षके यांचे रकाने त्यात वेगवेगळे असतात. जपानी आवाज आहे पण जपानी मजकूर नाही, असे खेळ पुष्कळ आहेत, आणि आपल्याला आज मजकूर हवा आहे.

शब्दकोशाबद्दल माझे मत थोडे कडक आहे. पहिल्यांदा आलेला शब्द सोडून द्यावा. तोच पुन्हा आला तर अर्थाचा अंदाज मनात बांधावा. तिसऱ्यांदा आला, किंवा त्याच्याशिवाय पुढची कामगिरी कळेनाच, तर तेव्हा कोश उघडावा आणि तो शब्द त्याच्या पूर्ण वाक्यासह अंकी या उजळणीच्या कार्यक्रमात टाकावा. वाक्याविना शब्द टाकू नये, कारण जपानी क्रियापद कोणत्या प्रत्ययाबरोबर येते हे वाक्यातच दिसते. नी, दे, कारा हे शब्दानंतर येणारे प्रत्यय आणि शेवटी येणारे क्रियापद मराठी माणसाला आपल्या घरचे वाटतात. त्याचा फायदा असा, की आपण वाक्य उलटसुलट न करता जसे येते तसे डावीकडून उजवीकडे वाचू शकतो. मनात इंग्रजीत भाषांतर करण्याची सवय असेल तर ती आधी मोडावी. हिंजवडीतील अनेकांना ती कार्यालयामुळे लागलेली असते आणि वाचनाचा वेग तिच्यामुळेच घटतो.

परीक्षेच्या दृष्टीने इतके ध्यानात ठेवावे, की जुलै आणि डिसेंबरमध्ये होणाऱ्या या परीक्षेत बोलणे किंवा लिहिणे तपासले जात नाही. वाचन, ऐकणे, शब्द आणि व्याकरण एवढेच असते. म्हणून वाचनाचा वेग वाढवणारा खेळ एन-3 ला खरोखर मदत करतो. मात्र शेवटच्या दोन महिन्यांत खेळ बाजूला ठेवून जुन्या धर्तीच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात.

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात जर्मन शिकवते. वर्गात चाळीस मुले, एक संगणक आणि एक प्रोजेक्टर आहे. मुलांना व्याकरण येते, पण तोंड उघडत नाहीत. डिजिटल खेळाचा वर्गात काही उपयोग करता येईल का? – एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : आपल्या पत्राने मला फार आनंद झाला, कारण एकच संगणक असणे ही या कामातली अडचण नाही. किंबहुना चाळीस संगणक असते तर चाळीस मुले गप्प बसून खेळली असती.

‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्स्प्लोड्स’ हा कॅनडातील स्टील क्रेट गेम्स या लहान कंपनीचा 2015 सालचा खेळ आपल्या वर्गासाठी सुचवतो. त्याची रचना अशी आहे : एका खेळाडूच्या समोर पडद्यावर काल्पनिक बॉम्ब असतो, पण तो निकामी कसा करायचा हे त्याला माहीत नसते, बाकीच्यांच्या हाती सूचनांची छापील पुस्तिका असते, पण त्यांना बॉम्ब दिसत नाही. पहिल्या बॉम्बला पाच मिनिटे मिळतात, त्याचे तीन भाग असतात आणि तिसरी चूक झाली की डाव संपतो. खेळ एकच विकत घ्यावा लागतो. पुस्तिका मोफत उतरवून छापता येते आणि तिची जर्मन आवृत्तीही मिळते.

प्रोजेक्टर अर्थातच बंद ठेवायचा. एका मुलाला संगणकासमोर बसवावे, पुस्तिकेच्या प्रती तीन गटांत वाटाव्यात आणि बॉम्बचा एकेक भाग एकेका गटाकडे सोपवावा. मुलांना येथे बोलावेच लागते, कारण माहिती दोन ठिकाणी विभागलेली आहे आणि भाषेशिवाय ती एकत्र येत नाही. तारांच्या भागात ‘लाल तार नसेल तर दुसरी तार कापा’ अशा धर्तीच्या अटी असतात, म्हणजे ‘वेन’ने (जर-ने) सुरू होणारी आणि क्रियापद शेवटी नेणारी वाक्ये, आज्ञार्थ, रंग आणि क्रमवाचक संख्या. क्रियापद शेवटी जाणे मराठी मुलांना जड जात नाही, फक्त ते इंग्रजीच्या वळणाने बोलू लागतात तेव्हा चुकते. विचित्र चिन्हांच्या भागात ज्या आकृतीला नावच नाही तिचे वर्णन करावे लागते, आणि शब्द आठवत नसताना वळसा घालून सांगण्याचा याहून चांगला सराव मी पाहिलेला नाही. सारख्या उच्चारांच्या शब्दांवर रचलेला भाग मात्र पहिल्या सत्रात घेऊ नये.

उत्साहाच्या भरात मुले मराठीत किंवा हिंदीत शिरणार, हे गृहीत धरावे आणि त्यांना रागावण्याऐवजी आधी साधने द्यावीत. ‘नोख माल, बिट्टे’ (पुन्हा एकदा सांग ना), ‘लांगझामर’ (जरा सावकाश), ‘वास मायनस्ट दू?’ (तुला काय म्हणायचे आहे?) अशी दहा-बारा वाक्ये फळ्यावर लिहून ठेवावीत आणि डाव सुरू होण्यापूर्वी सर्वांकडून मोठ्याने म्हणवून घ्यावीत. ज्यांना भूमिका मिळालेली नाही, त्यांनी कागद घेऊन ऐकावे : कोणते वाक्य उपयोगी पडले, कोठे गैरसमज झाला, कोठे कोणी मराठीत घसरले. पहिल्या उत्तरात सांगितलेला डेहान यांचा प्रयोग येथेही लागू पडतो, कारण या ऐकणाऱ्या मुलांचे अवधान भाषेसाठी मोकळे असते.

तासाचा खरा गाभा डावानंतरचा आहे. पाच मिनिटांच्या खेळाला निदान वीस मिनिटांची चर्चा द्यावी, टिपलेली चुकीची वाक्ये फळ्यावर दुरुस्त करावीत आणि मग त्याच पातळीचा बॉम्ब दुसऱ्या गटाला द्यावा. ही पायरी गाळली तर मुलांना मजा आल्याचे समाधान मिळते आणि जर्मन होती तेथेच राहते. गोएथे इन्स्टिट्यूटच्या जर्मन परीक्षांतील ए-2 आणि बी-1 पातळीच्या तोंडी भागात दोन उमेदवारांनी मिळून काहीतरी ठरवायचे असते, त्यामुळे हा सराव परीक्षेलाही धरून आहे. महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्य यांच्यात 2024 साली कुशल मनुष्यबळाचा करार झाल्यापासून अनेक तरुण-तरुणी कामासाठी जर्मन शिकू लागले आहेत. अशा उमेदवाराला रुग्णालयात किंवा कारखान्यात न दिसणाऱ्या वस्तूविषयी फोनवर बोलावे लागेल, तेव्हा हाच सराव उपयोगी पडेल.

खेळाचा विषय बॉम्बचा असल्याने प्राचार्यांना आधी दाखवून घ्यावे, म्हणजे नंतर स्पष्टीकरणे द्यावी लागणार नाहीत. विषय नकोच असेल, तर ठोकळ्यांनी बांधकाम करण्याचा माइनक्राफ्ट हा खेळ जर्मन भाषेत लावून एका मुलाला बसवावे आणि घर कसे बांधायचे हे बाकीच्यांनी त्याला सांगावे. त्यात वस्तूंची नावे मिळतात, ‘वेर्कबांक’ (कामाचे टेबल), ‘श्पिट्सहाके’ (कुदळ), ‘ओफन’ (भट्टी). पण ती लिंगदर्शक उपपदाविना येतात. म्हणून दी वेर्कबांक, दी श्पिट्सहाके, डेर ओफन असा तक्ता मुलांकडून आधीच करून घ्यावा. जर्मनमध्ये नाम लिंगाविना पाठ झाले की पुढे त्याची दुरुस्ती फार कष्टाची होते.

प्रश्न : माझे वय 67 आहे. मुलगी श्टुटगार्टला असते. नात नऊ वर्षांची आहे, तिला मराठी समजते पण ती उत्तर जर्मनमध्ये देते. तिच्याशी बोलता यावे म्हणून मी फोनवरील एका ॲपवर रोज धडे करते. गुण मिळतात, रोजची साखळी तुटू देत नाही, पण व्हिडिओ कॉलवर नात बोलू लागली की मला एक अक्षर सुचत नाही. माझे काय चुकते? – एक आजी, सांगली

उत्तर : आपले काही चुकत नाही, साधन आणि हेतू यांचा मेळ बसलेला नाही. अशा ॲपमध्ये मुळात अभ्यासाचे प्रश्न असतात आणि त्यांवर खेळाचे गुण, पदके आणि रोजची साखळी चढवलेली असते. शब्दांची पहिली ओळख करून देण्यास ते चांगले आहे, आणि आपण ते सोडू नये. परंतु त्यात समोरचे शब्द निवडून जुळवायचे असतात, तर नातीशी बोलताना शब्द आतून यावा लागतो. साखळी आपण त्या दिवशी एखादा धडा केला एवढेच मोजते, म्हणून एखाद्या दिवशी ती तुटली तर मनाला लावून घेऊ नये.

आपल्याकडे मुले ‘नाव, गाव, फळ, फूल’ खेळतात, तोच खेळ जर्मन मुले ‘श्टाट, लांड, फ्लुस’ म्हणून खेळतात. श्टाट म्हणजे शहर, लांड म्हणजे देश आणि फ्लुस म्हणजे नदी. पुढे नाव, प्राणी, व्यवसाय असे रकाने हवे तितके वाढवता येतात. एकीने मनात अक्षरे म्हणत जायचे, दुसरीने थांब म्हणायचे, आणि जे अक्षर येईल त्यावरून रकाने भरायचे. निराळ्या उत्तराला दहा आणि दोघींचे सारखे आले तर पाच, ही गुणांची रीतही आपल्याला ओळखीची वाटेल. एन अक्षर आले तर न्यूर्नबेर्ग, नीडरलांडे आणि नेकार. नेकार तर आपल्या नातीच्याच शहरातून वाहते.

हा खेळ व्हिडिओ कॉलवर कागद घेऊन खेळता येतो, आणि दोघींच्या फोनवर एकच पान उघडून ऑनलाइनही खेळता येतो. मी कागद सुचवेन, कारण शब्द स्वतःच्या हाताने पूर्ण लिहावा लागतो आणि कॅमेऱ्यापुढे धरून मोठ्याने वाचावा लागतो. नातीला इतकेच सांगावे, की आजीने प्राण्याचे नाव उपपदासह, म्हणजे ‘दी माउस’ असे म्हटले तरच गुण द्यायचे. मुले असे नियम फार काटेकोरपणे पाळतात आणि चूक लगेच सांगतात. ‘दू बिस्ट ड्रान’ म्हणजे तुझी पाळी, ‘नोख माल’ म्हणजे पुन्हा एकदा, आणि ‘दास गिल्ट निश्ट’ म्हणजे हे धरायचे नाही. ही तीन वाक्ये पाठ करून बसावे. शेवटचे वाक्य जर्मन मुले खेळताना हमखास वापरतात, आणि ते आजीच्या तोंडून ऐकले की नात आपल्याशी वाद घालायला सुरुवात करील. तो वाद जर्मनमध्ये होऊ द्यावा. एक डाव जर्मनमध्ये आणि एक डाव मराठीत असे ठरवले, तर नातीलाही मराठी शब्द शोधावे लागतील.

प्रश्न : माझ्याकडे कन्सोल किंवा संगणक नाही, फक्त साधा फोन आहे. पैसे न भरता खेळातून जपानी किंवा जर्मन सुरू करता येईल का? – एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : होय. जर्मनसाठी गोएथे इन्स्टिट्यूटचा ‘श्टाट डेर व्योर्टर’ हा शब्दांच्या शहराचा खेळ मोफत आहे, आणि जर्मन प्रसारण संस्था डॉइच वेले हिची ‘मिशन बर्लिन’ ही 26 भागांची श्राव्य कथा ऐकत ऐकत, जणू आपणच खेळाडू आहोत अशा रीतीने पुढे सरकते. जपानीसाठी जपान फाउंडेशनची हिरागाना, काताकाना आणि कांजी यांची ‘मेमरी हिंट’ नावाची मोफत ॲप आहेत; त्यांत प्रत्येक अक्षर चित्रातून लक्षात ठेवून लगेच प्रश्न सोडवायचे असतात. 46 हिरागाना पक्क्या झाल्यावर आपण आधीपासून खेळत असलेला एखादा खेळ त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन जपानीत बदलावा.

मोफत मिळणाऱ्या मोठ्या जपानी फोन-खेळांपासून मात्र जपून राहावे. त्यांतील अनेकांत ‘गाचा’ नावाची सोडत असते, म्हणजे पैसे भरायचे आणि कोणते पात्र मिळेल ते नशिबावर सोडायचे, आणि तिच्याच भोवती सारा खेळ रचलेला असतो. त्यांतील भाषा घाईची आणि जाहिरातीची असते, म्हणून नवशिक्याला तिचा उपयोगही कमी होतो. तरीही असा खेळ घ्यायचाच असेल, तर फोनमधील खात्याला कार्ड किंवा यूपीआय जोडून ठेवू नये.